हंगाम सहा महिन्यांचा

२०२४ च्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी अण्णा आमच्याकडे बफलोला आले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांना सहा महिने राहायची मुभा दिली. म्हणजे २६ मेपर्यंत. घरी येताना गाडी चालवता चालवता मी एकच हिशेब करत होते, की या गावात, या थंडीत, सहा महिने हा माणूस करणार काय? आई ऑगस्टमध्ये गेली होती. लालबागच्या खोलीत अण्णांना एकटं ठेवायला नको म्हणून भावाने आणि मी मिळून त्यांना जवळजवळ ढकलूनच विमानात बसवलं होतं. मागच्या सीटवरून माझा अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही अगदी बरोबर वेळेला आलात. सीझन असतो तेवढेच दिवस आहात तुम्ही."

अण्णांनी विचारलं, "कसला सीझन? आंब्याचा?"

सीझन लॅक्रॉसचा होता. मैदानावरच्या लॅक्रॉसचा नाही, बंदिस्त जागेतल्या, ज्याला इथे बॉक्स लॅक्रॉस म्हणतात त्याचा. नॅशनल लॅक्रॉस लीग नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि मेमध्ये संपते. त्या वर्षी अमेरिका-कॅनडातले १४ संघ होते, प्रत्येकाचे १८ सामने, निम्मे घरी आणि निम्मे बाहेर. मग पहिले आठ संघ बाद फेरीत. आमच्या गावचा संघ बफलो बँडिट्स. १९९२ पासून आहे आणि मागची दोन वर्षं लागोपाठ विजेता होता. हे सगळं मला मुलामुळे ठाऊक. दोन वर्षांपूर्वी त्याने शाळेतल्या मित्राची काठी हातात धरली आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या एकाही भिंतीवर चेंडूचा डाग नाही असं झालेलं नाही.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईंकडे संपूर्ण हंगामाची तिकिटं होती. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना जिने चढवत नव्हते. डिसेंबरातल्या एका शनिवारी त्यांच्या जागांवर आम्ही तिघे जाऊन बसलो.

अण्णांनी दोन स्वेटर, वर माझ्या नवऱ्याचा कोट आणि कानटोपी असा जामानिमा केला होता. या शहरातलं सर्वांत मोठं बंदिस्त क्रीडागृह नदीच्या मुखाशी आहे. आत एकोणीस हजार माणसं मावतात आणि बँडिट्सच्या सामन्याला ती बहुतेक भरलेली असतात. नारिंगी कपड्यांतली गर्दी, कर्णे, ढोल, बिअरचे ग्लास. अण्णा म्हणाले, "विसर्जनाला आल्यासारखं वाटतंय." मग खाली वाकून पाहत म्हणाले, "पाय का गार पडतायत?"

कारण खाली बर्फ होता. ही जागा आइस हॉकीची. लॅक्रॉससाठी तो बर्फ काढत नाहीत. त्याच्यावर आच्छादन घालतात आणि वर हिरवा गालिचा अंथरतात. भोवती हॉकीच्याच फळ्या आणि काचा. हे ऐकून अण्णा बराच वेळ त्या हिरव्या रंगाकडे पाहत राहिले. "आम्ही मातीवर खेळलो," ते म्हणाले. "नंतर मॅट आली. पण बर्फावर सतरंजी टाकून खेळायचं, हे कुणाला सुचलं असेल?"

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. "आम्ही खेळलो" हे शब्द अण्णांच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

खेळ सुरू झाला. प्रत्येक बाजूला सहा जण, त्यात एक गोलरक्षक. पंधरा मिनिटांचे चार भाग. चेंडू टणक रबराचा, काठीच्या टोकाला जाळी, तिच्यात चेंडू झेलायचा, झुलवत न्यायचा आणि फेकायचा. गोल चार फूट उंच आणि पावणेपाच फूट रुंद. त्याच्यासमोर अंगभर गाद्या बांधलेला गोलरक्षक उभा राहिला की उघडी जागा दिसतच नाही. "ही तर कापसाची गासडी उभी केलीय," अण्णा म्हणाले. खेळ चालू असतानाही कर्ण्यांतून गाणी वाजत राहतात. बचाव करणारे काठीचा दांडा आडवा धरून समोरच्याच्या दंडावर, खांद्यावर धक्के देतात. हाताने धरायची मात्र परवानगी नाही. त्याचा अण्णांना फार त्रास झाला. "अरे, धर ना! घोटा समोर आलाय!" असं ते चक्क ओरडले. आजूबाजूच्या लोकांना काही कळलं नाही, पण एकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

अण्णा डावे कोपरारक्षक होते. घोट्याची पकड ही त्यांची खासियत.

मग त्यांच्या लक्षात आली ती माणसांची ये-जा. या खेळात चालू डावात माणसं बदलतात. शिट्टी वाजत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. चेंडू आपल्या ताब्यात आला की बचाववाले धावत बाकाकडे जातात आणि आक्रमणवाले धावत आत येतात. मिनिटभराच्या वर कुणी क्वचितच आत राहतो. अण्णा पुढे वाकून पाहत होते. "बदली," ते म्हणाले. "सगळे बदली आहेत गं हे."

गिरणगावात वाढलेल्यांना हा शब्द समजवावा लागत नाही. इतरांसाठी सांगते. गिरणीतला कायम कामगार गैरहजर राहिला तर त्या दिवसापुरतं त्याच्या जागी काम मिळणारा तो बदली कामगार. पाळीच्या आधी फाटकाशी येऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत जायचं, नाही तर घरी. अण्णांनी अशी तीन वर्षं काढली. मग गिरणीच्या कबड्डी संघाला कोपऱ्यातला माणूस हवा होता म्हणून ते कायम झाले. कागदावर ते सायझिंग खात्यातले हेल्पर होते. प्रत्यक्षात दुपारनंतर मैदानावर.

त्या रात्री आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. गोलाच्या वरच्या बाजूला एक घड्याळ उलटं धावत असतं. चेंडू मिळाल्यापासून ३० सेकंदांत गोलावर फटका गेला पाहिजे, नाही तर चेंडू दुसऱ्यांचा. मुलाने हे सांगितल्यावर अण्णा हसले. कबड्डीतल्या चढाईलाही आता ३० सेकंदच असतात. "आमच्या काळात घड्याळ नव्हतं," ते नातवाला म्हणाले. "दम संपला की चढाई संपली."

"दम म्हणजे?" मुलाने विचारलं. अण्णांनी छाती भरून श्वास घेतला आणि त्या गोंगाटात, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, कबड्डी-कबड्डी म्हणायला सुरुवात केली. पंधराएक सेकंदांनी खोकला आला आणि थांबले.

हिवाळाभर मग आमच्या शनिवारांना एक वळण लागलं. घरचा सामना असेल तर तिकडे, बाहेरचा असेल तर टीव्हीसमोर. अण्णांनी माझ्याकडून एक वही मागून घेतली आणि तीत गुणतक्ता मांडला. संघांची नावं त्यांनी आपल्या अक्षरात लिहिली होती : हॅलिफॅक्स, सस्कॅचेवान, व्हँकुव्हर, जॉर्जिया. सामना संपला की त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे, आणि ते खेळाबद्दल कमी, खेळणाऱ्यांबद्दल जास्त असायचे. हे राहतात कुठे? सराव कधी करतात? पगार किती? सोमवारी काय करतात?

उत्तर ऐकून त्यांचा विश्वास बसेना. ही व्यावसायिक लीग. १९८७ मध्ये चार संघांनी सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच 'प्रो' हा शब्द होता. पण इथल्या बहुतेक खेळाडूंचं घर या पगारावर चालत नाही. कुणी शाळेत शिकवतो, कुणी अग्निशामक दलात आहे, कुणी वायरमन, कुणी विक्रीच्या नोकरीत. सामने म्हणून तर शुक्रवार ते रविवार. शुक्रवारी काम उरकून विमान गाठायचं, शनिवारी खेळायचं, रविवारी परत. बँडिट्सचे प्रशिक्षक जॉन टवारेस हे स्वतः या संघाकडून १९९२ पासून २०१५ पर्यंत, २४ हंगाम खेळले. ८१५ गोल, १,७४९ गुण. निवृत्त झाले तेव्हा लीगमध्ये त्यांच्या आसपासही कुणी नव्हतं. आणि खेळत असताना ते टोरोंटोजवळच्या मिसिसागात शाळेत गणितही शिकवत होते.

"मास्तर?" अण्णांनी विचारलं.

"हो. गणिताचे."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ह्यांची गिरणी वेगळी आणि खेळ वेगळा. एक बंद पडलं तरी दुसरं राहतं."

मी त्यांना सांगायला गेले की हे इतकं साजरं नाही. सुजलेलं कोपर घेऊन सोमवारी कामावर उभं राहायचं, रजा मिळाली नाही म्हणून सामना सोडायचा, हेही त्यात आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी पगारावर ही लीग चालते असंही म्हणता येईल. अण्णांनी ऐकून घेतलं. त्यांना वाद घालायचा नव्हता. ते मनात दुसराच काही हिशेब करत होते, आणि तो फेब्रुवारीत बाहेर पडला.

टीव्हीवर सामना चालू होता. मुलाने एका खेळाडूकडे बोट दाखवून सांगितलं, की हा मागच्या वर्षी पँथर सिटीकडून खेळायचा. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा तो संघ. तीन हंगाम खेळला आणि २०२४ मध्ये बंद पडला. या लीगमध्ये हे नवं नाही. संघ निघतात, बंद पडतात, सामान उचलून दुसऱ्या गावी जातात. एडमंटनचा संघ सस्कॅचेवानला गेला, न्यूयॉर्कचा २०२४ मध्ये ओटावाला गेला.

"मग त्या बंद पडलेल्या संघातल्या पोरांचं काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"त्यांना बाकीच्या टीम्सनी घेतलं," मुलगा म्हणाला. त्याने नीट समजावून सांगितलं. संघ बंद पडला की लीग एक दिवस ठरवते. उरलेले संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. पहिला संघ एक, दुसरा एक, असं यादी संपत येईपर्यंत.

अण्णांनी त्याला हे दोनदा सांगायला लावलं. मग टीव्हीकडे पाहतच म्हणाले, "आम्हाला कुणी वाटून नाही घेतलं."

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. अण्णा तेव्हा तीस वर्षांचे होते आणि पुढच्या महिन्यात एका स्पर्धेत त्यांच्या संघाचा सामना होता. गिरणी पुन्हा कधी त्यांच्यासाठी उघडली नाही. त्यांची नोकरी कबड्डीमुळे होती आणि कबड्डी नोकरीमुळे, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी गेली. कपाटात टांगलेले संघाचे बनियन आतच राहिले. नंतर आईने खानावळ चालवली आणि अण्णा एका सोसायटीत रखवालदार झाले. त्यांच्या संघातला एक जण गावी गेला, एक भाजीच्या गाडीवर उभा राहिला, एकाचं पुढे काय झालं ते कुणाला माहीत नाही. आमच्या घरात कबड्डी हा शब्द निघायचा बंद झाला.

माझ्यापुरता तो एकदाच निघाला. १९९३ साली मी नववीत होते आणि शाळेच्या संघात होते. जिल्हा निवडीसाठी पालकांची सही हवी होती. अण्णांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि परत दिला. "खेळाने पोट भरत नाही," एवढंच म्हणाले. आईने त्या रात्री मला न विचारता जास्तीचा भात वाढला. त्यावर आम्ही कुणीही, कधीही बोललो नाही. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न करून इथे आले. माझ्या मुलाने काठी मागितली तेव्हा मी त्याच दिवशी दुकानात गेले. ती घाई कशाची होती, ते मला तेव्हाही कळत होतं.

मुलाचा सराव रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका रिंकमध्ये असायचा. तिथे अण्णांना एक दोस्त मिळाला. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले सेनेका गृहस्थ, कॅटरॉगस या त्यांच्या राखीव भागातून नातवाला घेऊन यायचे. बफलोच्या दक्षिणेला तासाभराच्या आतच आहे तो भाग. पोरांच्या काठ्यांच्या जाळ्या सैल झाल्या की ते बाकावर बसून त्या ओवून द्यायचे. अण्णांनी एकदा न बोलता दोरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांचं जमलं. सूत आणि ताण ही दोन्ही गोष्टी अण्णांच्या हातांना ठाऊक होत्या. भाषेचा प्रश्न होता, तिथे मी.

खेळ त्यांचा आहे. सेनेका, मोहॉक, ऑनंडागा, कयुगा, ओनायडा आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा संघ म्हणजे होडेनोशोनी, 'लांब घराचे लोक'. त्यांच्या समजुतीप्रमाणे हा खेळ निर्मात्याने दिला, त्याच्या आनंदासाठी खेळायला आणि आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून खेळायला. 'लॅक्रॉस' हे फ्रेंच नाव नंतरचं. एकोणिसाव्या शतकात मॉन्ट्रिऑलच्या बीअर्स नावाच्या दंतवैद्याने त्याचे नियम लिहून काढले आणि खेळ क्लबांचा झाला. १८८० मध्ये कॅनडातल्या संघटनेने खेळ 'हौशी' असल्याचं जाहीर केलं. मूळ रहिवाशांचे संघ प्रवासखर्चासाठी, पोटासाठी पैसे घेऊन खेळत, म्हणून ते व्यावसायिक ठरले आणि अजिंक्यपदाच्या सामन्यांतून बाहेर गेले. ज्यांचा खेळ, तेच बाहेर.

अण्णांनी हे ऐकलं आणि दोरी ओढता ओढता थांबले. "पैसे घेतले म्हणून?" मग मला म्हणाले, "त्यांना सांग, आमचा पण महासंघ हौशीच होता. नावातच होतं. आम्हाला नोकरी खेळासाठी दिलेली, पण कागदावर हेल्पर." मी सांगितलं. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, की कागद लिहिणारे सगळीकडे सारखेच असतात.

बंदिस्त लॅक्रॉसचा जन्मही पैशातूनच झाला. १९३१ च्या सुमारास कॅनडातल्या हॉकीच्या मालकांना उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या इमारती भरायच्या होत्या. त्यांनी मैदानी खेळ फळ्यांच्या आत आणला. पण या धंदेवाईक डब्यात होडेनोशोनी पोरांना पुन्हा जागा मिळाली आणि त्यांनी तो आपलासा केला. बंदिस्त लॅक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत २००३ पासून २०१९ पर्यंत पाचही वेळा त्यांचा संघ दुसरा आला, दर वेळी कॅनडाच्या मागे. आणि हॅलिफॅक्सच्या संघाचा मालक कर्ट स्टायर्स हा मोहॉक आहे.

एकदा त्या गृहस्थांनी घरून लाकडी काठी आणली होती. हिकरीच्या झाडाची, वाफेवर वाकवलेली, कातड्याच्या वाद्यांची. मी हात पुढे केला तर त्यांनी ती हलकेच मागे घेतली. पुरुषांच्या लाकडी काठीला बायकांनी हात लावायचा नाही अशी त्यांच्याकडे रीत आहे. त्यांनी माफी मागितली आणि काठी अण्णांच्या हातात दिली. मला राग यायला हवा होता, आणि आलाच. न लावलेल्या हाताचा हिशेब माझ्याकडे जुना आहे. पण अण्णांनी काय केलं ते पाहून मी काही बोलले नाही. मैदानात उतरताना मातीला लावतात तशी त्यांनी ती काठी कपाळाला लावली. ते गृहस्थ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग दोघेही पार्किंगच्या वाढलेल्या दरांबद्दल बोलू लागले, म्हणजे मी बोलू लागले.

मार्चमध्ये मुलाने हट्ट धरला की आजोबांना टोरोंटोच्या संघाचा घरचा सामना दाखवायचा. त्या वर्षी तो संघ मिसिसागात खेळत होता, आमच्यापासून दोन तासांच्या आत. पण मध्ये नायगारा नदी आणि तिच्यावरचा पीस ब्रिज. पलीकडे कॅनडा. अण्णांकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता. आमच्या संघातले बरेच जण ऑंटारिओत राहतात आणि दर आठवड्याला हाच पूल ओलांडून खेळायला येतात. आम्ही नदीकाठी गाडी उभी केली आणि पलीकडचे दिवे पाहून परत आलो.

त्यावरून पुढच्या रविवारी २०१० ची गोष्ट निघाली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला जागतिक स्पर्धा होती. होडेनोशोनी संघ स्वतःच्या राष्ट्राच्या पासपोर्टवर निघाला होता आणि ब्रिटनने तो पासपोर्ट मानला नाही. अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या पासपोर्टवर ते जाऊ शकले असते. ते गेले नाहीत. स्पर्धा त्यांच्याविना झाली. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस आहे आणि आपल्या झेंड्याखाली खेळू द्या अशी त्यांची मागणी आहे. माझ्या मुलाने विचारलं, मग ते अमेरिकेकडून का नाही खेळत? त्या गृहस्थांनी त्याला उत्तर दिलं नाही. त्याच्या काठीची जाळी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "आता ठीक आहे. जा, खेळ."

एप्रिलमध्ये बर्फ गेला, मेमध्ये झाडांना पालवी आली. अण्णांच्या वहीतला तक्ता संपून बाद फेरीचे चौकोन सुरू झाले. अंतिम फेरी तीन सामन्यांची, समोर सस्कॅचेवान. पहिला आपण जिंकला, दुसरा त्यांनी. तिसरा शनिवारी, २४ मेला, बफलोत. अण्णांचं विमान रविवारी संध्याकाळी होतं. मुलगा म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

त्या रात्री गोलात होता मॅट विंक, वय ४२. बफलोने जिंकलं तर ते लागोपाठ तिसरं विजेतेपद. असं याआधी फक्त रोचेस्टरने केलं होतं, २०१२ ते २०१४. तेव्हाही गोलात हाच होता. अण्णांना हे फार आवडलं होतं. सामन्याच्या सुरुवातीपासून ते त्याच्याच पायांकडे पाहत होते. "कोपरारक्षक आहे हा," ते म्हणाले. "कुणी समोर आलं की लगेच झेप घेत नाही. वाट बघतो." शेवटच्या भागात निकाल स्पष्ट झाला तेव्हा एकोणीस हजार माणसं उभी राहिली. अण्णाही उभे राहिले. गालिच्यावर टोप्या, काठ्या, हातमोजे पडले. पोरं एकमेकांवर कोसळली. अण्णांचे ओठ हलताना मला दिसले, पण त्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

गाडी पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण तास लागला. मुलगा मागे झोपला. अण्णा पुढच्या सीटवर कानटोपी मांडीवर घेऊन बसले होते.

"सोमवारी हे सगळे कामावर जाणार?"

"बरेचसे."

ते थोडा वेळ थांबले. पुढची गाडी हलली, आम्ही दोन हात सरकलो.

"तू कुठे खेळायचीस गं? कोपऱ्यात?"

बत्तीस वर्षांनी हा प्रश्न आला होता आणि मला पहिल्यांदा वाटलं की ते मुलाशी बोलतायत. मी स्टीअरिंगवरचे हात तसेच ठेवले.

"नाही. मी चढाई करायचे."

"चढाई?" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच आश्चर्य होतं. "मला वाटलेलं, कोपऱ्यात असशील." मग समोरच्या लाल दिव्यांकडे बघत, मोठ्या व्यवहारी आवाजात, निवड समितीतल्या माणसासारखं त्यांनी विचारलं, "दम किती होता?"

"बरा होता," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. पुढची गाडी सुटली आणि आम्ही नदीच्या बाजूने बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी बॅग भरताना गुणतक्त्याची वही मी वर ठेवली होती. त्यांनी ती काढून नातवाला दिली आणि पुढच्या हंगामाची पानं आखून ठेव म्हणून सांगितलं.